तीन पानांचं शॅमरॉक आणि ‘नकली’ आयरिश

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

१७ मार्चच्या, म्हणजे आयर्लंडच्या सेंट पॅट्रिक डेच्या, निमित्ताने तुमच्या रविवारच्या पुरवणीत आयर्लंडवर पानभर लेख आला होता तो वाचला. लेख वाईट नव्हता, लिहिणाऱ्याने मेहनत घेतलीये हे दिसतं, पण तीन गोष्टी अशा खटकल्या की चार दिवस डोक्यातून जाईनात, शेवटी म्हटलं लिहूनच टाकू, छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पहिली म्हणजे चित्र. शॅमरॉक म्हणजे आयर्लंडची खूण असलेलं तीन पानांचं रोप, तुम्ही चार पानांचं क्लोव्हर छापलंय. दुसरी, तिथल्या लोककथांतल्या लेप्रेकॉन नावाच्या बुटक्याला ‘आयरिश लोकांची धनदेवता’ म्हटलंय. आणि तिसरी, जिच्यासाठी खरं तर हे पत्र आहे, ती म्हणजे शेवटचा परिच्छेद, ज्यात अमेरिकेत हिरवे टीशर्ट घालून नाचणाऱ्यांना ‘नकली आयरिश’ म्हणून लेखकमहाशय मोकळे झालेत.

मी नऊ वर्षं आयर्लंडमध्ये काढलीत. नवऱ्याची नोकरी होती म्हणून गेलो, आणि मी काउंटी (म्हणजे जिल्हा) क्लेअरमध्ये शॅनन एअरपोर्टच्या जवळ एका हॉटेलात रिसेप्शनला लागले. शॅननला अमेरिकेहून येणारी विमानं सकाळी सकाळी उतरतात, त्यामुळे आमचे पहिले पाहुणे कायम अमेरिकन, रात्रभर झोप नाही, रूम दुपारपर्यंत मिळणार नाही, आणि तरी चेहऱ्यावर असा आनंद की जणू माहेरी आलेत. बॅग खाली ठेवायच्या आधी खिशातून एक कागद निघायचा. त्यावर आजीच्या नाहीतर पणजोबांच्या गावाचं नाव, बहुतेक वेळा चुकीच्या स्पेलिंगचं, कधी कधी फक्त कानावर पडलेलं. ‘हे कुठे आलं?’

आता गंमत अशी की आयर्लंडमध्ये टाउनलँड म्हणून जमिनीचा सगळ्यात छोटा भाग असतो, आपल्या वाडीहूनही लहान, कधी कधी दोन-तीन घरांचा, आणि असे टाउनलँड ६० हजारांच्या वर आहेत. त्यात किलमोर नावाचे किती! किलमोर म्हणजे कुठे ‘मोठं चर्च’, कुठे ‘मोठं रान’, मूळ आयरिश शब्द काय होता त्यावर अवलंबून, कारण १८२४ पासून इंग्रजांनी मोजणी करून नकाशे काढले तेव्हा सगळी नावं इंग्रजी उच्चारात बसवून टाकली आणि दोन वेगळे शब्द एकसारखे दिसायला लागले. मग हा माणूस ओहायोहून आलाय, हातात ‘किलमोर’ लिहिलेला कागद, काउंटी माहीत नाही. काय करणार?

पहिल्या वर्षी आम्ही सगळे मागे जाऊन हसायचो. तिथे अशा नकली आयरिश माणसाला शब्दच आहे, ‘प्लास्टिक पॅडी’. मीसुद्धा हसायचे, खोटं कशाला बोलू. मग २०१७ साल आलं, लिओ वराडकर तिथले पंतप्रधान झाले आणि मला इकडून जे व्हॉट्सॲप यायला लागले! आपला माणूस, आपला कोकणातला, मालवणी रक्त वगैरे. वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर, आई वॉटरफर्डकडची, स्वतः जन्मले डब्लिनला आणि वाढलेही तिथेच. २०१९ च्या डिसेंबरात ते मालवण तालुक्यातल्या वराड गावी आले तेव्हा गावाने केवढं स्वागत केलं. कुणी म्हणालं का, हा नकली मराठी आहे, परत पाठवा? बाप इकडून गेला एवढं पुरलं आपल्याला. मग ओहायोच्या म्हाताऱ्याला पणजोबा का पुरू नये, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडलाय, आणि त्यानंतर मी कागद बघून हसणं बंद केलं.

लेखात दुष्काळ एका ओळीत उरकलाय, तो तसा उरकण्यासारखा नाहीये. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला, शेतातलं पीक काळं पडून सडायला लागलं, आणि पुढची सहा-सात वर्षं ते चालूच राहिलं. गरीब माणूस जवळजवळ फक्त बटाट्यावर जगत होता, कारण चांगल्या जमिनीतलं धान्य खंड भरायला आणि बाहेर विकायला जायचं, आणि दुष्काळातही ते जात राहिलं. सुमारे १० लाख माणसं मेली आणि १० लाखांहून जास्त बोटीत बसली. १८४१ च्या जनगणनेत त्या बेटावर सुमारे ८२ लाख लोक होते. आज उत्तर-दक्षिण मिळूनसुद्धा तेवढे नाहीत, पावणेदोनशे वर्षं होऊन गेली तरी नाहीत. आणि तिकडे एकट्या अमेरिकेत ३ कोटींहून जास्त लोक स्वतःला आयरिश वंशाचे सांगतात. म्हणजे मूळ झाड केवढं आणि फांद्या केवढ्या बघा.

आणि जाणं म्हणजे काय होतं! आपल्याकडे माणूस विमानतळावर सोडून येतो आणि रात्री व्हिडिओ कॉल करतो. तिथे एकोणिसाव्या शतकात पोरगी अमेरिकेला निघाली की आदल्या रात्री घरात ‘अमेरिकन वेक’ व्हायचा. वेक म्हणजे मयताच्या रात्रीचा जागर. आयर्लंडमध्ये माणूस गेला की प्रेत घरात ठेवून शेजारीपाजारी रात्रभर बसतात, पूर्वी घड्याळ थांबवायचे, आरसा झाकायचे, चिलमी ओढायचे, गोष्टी व्हायच्या, खेळसुद्धा व्हायचे, मधूनच बायका सूर लावून मेलेल्याचे गुण गात रडायच्या, त्याला कीनिंग म्हणतात. हाच सगळा सोहळा जिवंत पोरीसाठी करायचा, कारण ती परत येणार नाही हे सगळ्यांना माहीत असायचं. रात्रभर नाच, फिडल, घरी गाळलेली दारू, आणि पहाट झाली की आई पोरीला धरून मयतासारखं रडायची. मग सगळे तिच्याबरोबर थोडं अंतर चालत जायचे. डोनेगॉलमध्ये फॉलकॅरापासून डोंगरात जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटासा दगडी पूल आहे, त्याचं नावच अश्रूंचा पूल. घरचे तिथपर्यंत यायचे, तिथून मागे फिरायचे आणि जाणारा एकटा डोंगर ओलांडून डेरीच्या बंदरापर्यंत चालत जायचा. मी तो पूल बघितलाय, तसं बघायला काहीच नाही हो, एक ओढा, एक दगड आणि वारा. पण ज्या घरातून जिवंतपणी मयत करून पोरं पाठवलीत त्या पोरांच्या नातवंडांना ‘तुम्ही नकली’ म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आता लोककथांचं. लेखात बॅन्शीला ‘चेटकीण’ म्हटलंय, तीही चूकच. बान-शी म्हणजे शीमधली बाई, शी म्हणजे ती गवताची टेकडी जिच्यात ‘ते लोक’ राहतात. (तिथले म्हातारे फेअरी हा शब्द टाळतात, ‘ते लोक’ नाहीतर ‘भली माणसं’ म्हणतात, नाव घेतलं की ऐकतात म्हणून. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.) ही बॅन्शी कुणाचं वाईट करत नाही, ती ठराविक घराण्यांची असते, ‘ओ’ आणि ‘मॅक’ने सुरू होणाऱ्या आडनावांची, आणि त्या घरात कुणी मरणार असेल तर आधी रात्री रडते. आणि गोष्टींमध्ये असंही येतं की माणूस अमेरिकेत मरतोय आणि बॅन्शी रडतेय ती इकडे क्लेअरमधल्या त्याच्या जुन्या घराजवळ, पत्र पोचायला अजून कित्येक आठवडे आहेत, पण घरच्यांना कळलेलं असतं. म्हणजे माणूस कुठेही जाऊ दे, बॅन्शीच्या रजिस्टरला त्याचा पत्ता जुनाच. पासपोर्ट ऑफिसपेक्षा तिचं रेकॉर्ड पक्कं म्हणायचं.

एक बाई आल्या होत्या मिनेसोटाहून, सत्तरीच्या, बरोबर नात. पाऊस इतका की बाहेर जायची सोय नाही, लॉबीत बसल्या होत्या, गप्पा निघाल्या. म्हणाल्या, माझी आजी क्लेअरची, लहानपणी आम्हाला खोकला झाला की आजी म्हणायची, ‘पांढऱ्या घोड्यावरचा माणूस दिसला तर त्याला विचारा’, आणि आम्ही सगळे हसायचो कारण मिनियापोलिसमध्ये पांढऱ्या घोड्यावरचा माणूस आणायचा कुठून, आजीचं डोकं फिरलंय असंच घरी सगळ्यांना वाटायचं. मी त्यांना काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर एक गोष्ट काढून दाखवली.

ती गोष्ट अशी. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश फोकलोअर कमिशनने एक भन्नाट काम केलं. दक्षिणेतल्या २६ काउंट्यांमधल्या सुमारे ५ हजार प्राथमिक शाळांमधल्या वरच्या वर्गांतल्या पोरांना सांगितलं की निबंध लिहू नका, त्याऐवजी घरी जा, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा आणि ते सांगतील ते वहीत उतरवून आणा. विषय ठरवून दिलेले, गावातले किल्ले, पुरलेलं धन, दुष्काळाच्या आठवणी, घरगुती औषधं, भुतं, हवामानाचे आडाखे. अकरा ते चौदा वर्षांच्या पोरांनी लाखो पानं लिहिली, तेही तेव्हा, जेव्हा दुष्काळ बघितलेल्या माणसांची मुलं अजून जिवंत होती. आता ते सगळं स्कॅन करून फुकट ऑनलाइन ठेवलंय आणि हस्ताक्षरातली पानं टाइप करायचं काम जगभरातले लोक घरबसल्या करतात. त्या गटाला त्यांनी ‘मेहल’ म्हटलंय, मेहल म्हणजे शेजाऱ्यांनी मिळून एकमेकांच्या शेतात राबणं, आपली इर्जिक किंवा सावड. टाइप करणाऱ्यांची इर्जिक, मला तर हा शब्दच फार आवडला.

तर त्यात डांग्या खोकल्यावरचे उपाय आहेत पानंच्या पानं, आणि त्यात पुन्हा पुन्हा हेच येतं, पांढऱ्या घोड्यावरून जाणाऱ्या माणसाला थांबवून औषध विचारायचं आणि तो जे सांगेल, काहीही, ते करायचं. कुठे पांढरा घोडा आहे, कुठे ठिपक्यांचा. बाईंनी चष्मा पुसून तीन-चार पोरांच्या वह्या वाचल्या. मग नातीला म्हणाल्या, ‘आजी वेडी नव्हती.’ एवढंच, आणि कॉफी मागवली.

मला वाटतं या विषयावर मी पुस्तकं वाचूनसुद्धा जे कळलं नसतं ते त्या लॉबीत कळलं. गोष्ट समुद्र ओलांडून गेली, पण अर्थ मागे वहीत राहिला, शंभर वर्षांनी दोन्ही समोरासमोर आले. हा संग्रह ज्या वेबसाइटवर आहे तिचं नाव आहे ‘डूखस’. आयरिशमध्ये या शब्दाचा अर्थ वारसा, आपली जागा आणि अंगात मुरलेला स्वभाव, तिन्ही एकत्र, आणि म्हणच आहे की डूखस मांजराच्या डोळ्यांतून बाहेर पडतं. मांजर कितीही माणसाळवा, उंदीर दिसला की डोळे बघा.

बरं, गेलेल्या लोकांनी नुसतं जपलं असंही नाही, त्यांनी परत पाठवलं. हॅलोविन घ्या. ऑक्टोबर संपताना येणारा जुना सण, सावन त्याचं नाव, (उच्चार हिंदीतल्या सावनच्या जवळचा, महिना मात्र कडाक्याच्या थंडीच्या तोंडचा). त्या रात्री सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. मेयोमधल्या टर्लोच्या म्युझियममध्ये डोनेगॉलहून आलेला असला एक सलगमचा चेहरा ठेवलाय, मी बघितला आणि खरंच दचकले, त्याच्यापुढे भोपळा म्हणजे अगदीच गोंडस. अमेरिकेत गेल्यावर लोकांना सलगमऐवजी भोपळा मिळाला, कोरायला सोपा, मोठा, आणि आता तोच भोपळा आयर्लंडच्या सुपरमार्केटमध्ये ढिगाने विकला जातो. पोरांना सलगम माहीत नाही.

संगीताचं तर त्याहून. फ्रान्सिस ओ’नील म्हणून काउंटी कॉर्कमधला एक पोरगा, १८४८ चा जन्म म्हणजे ऐन दुष्काळातला, कोवळ्या वयात बोटीवर पळाला, जग फिरला आणि शेवटी १९०१ ते १९०५ शिकागोचा पोलीसप्रमुख झाला. त्याला बासरीचं वेड. शिकागोत आयर्लंडच्या सगळ्या काउंट्यांमधले लोक, कुणी पोलिसात, कुणी कारखान्यात, त्यांच्याकडून चाली ऐकून ऐकून त्याने १९०३ मध्ये १,८५० चालींचा संग्रह छापला, आणि तो आयर्लंडमध्ये पोचला आणि तिथल्या वादकांचा आधार झाला. एका गावात राहून क्लेअरच्या माणसाला डोनेगॉलची चाल कधी ऐकू आली असती? शिकागोत आली. पुढे मायकल कोलमन, स्लायगोचा फिडलवाला, १९१४ मध्ये अमेरिकेला गेला, न्यूयॉर्कमध्ये १९२० च्या दशकात त्याच्या तबकड्या निघाल्या, त्या लोकांनी पोस्टाने घरी पाठवल्या आणि मग अख्ख्या आयर्लंडमध्ये पोरं स्लायगोच्या ढंगात वाजवायला लागली, काहींनी त्यात आपापल्या गावचा ढंग सोडूनच दिला, हे नुकसानही धरायला हवं. आणि १९९४ च्या युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत डब्लिनला मध्यंतरात तो सात मिनिटांचा आयरिश नाच झाला ज्याने जग वेडं केलं, त्यातले दोघे मुख्य नर्तक, मायकल फ्लॅटली शिकागोचा, जीन बटलर न्यूयॉर्कची. दोघेही जन्माने अमेरिकन. आता सांगा नकली कुठून सुरू करायचं?

परेडसुद्धा तसंच. न्यूयॉर्कची सेंट पॅट्रिक परेड १७६२ पासूनची, म्हणजे अमेरिका नावाचा देश व्हायच्या आधीची. आयर्लंडमध्ये तो दिवस बराच काळ चर्चला जाण्याचा होता, स्वतंत्र झाल्यावर तर त्या दिवशी पब बंद ठेवायचा कायदा होता, १९६० च्या सुमाराला तो उठला. आज डब्लिनमध्ये जी कित्येक दिवसांची धमाल असते तो फेस्टिव्हल १९९६ मध्ये सुरू झाला. आणि खुद्द सेंट पॅट्रिक तरी कुठे आयरिश होता, ब्रिटनमधून गुलाम म्हणून पकडून आणलेला पोरगा तो.

पण म्हणून सगळंच खरं असंही मी म्हणणार नाही. अॅरन बेटांच्या स्वेटरवर प्रत्येक घराण्याची वेगळी वीण असते आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख वीणीवरून पटते, ही कथा आमच्या हॉटेलच्या दुकानातसुद्धा सांगितली जायची, आडनाव सांगा आणि तुमच्या घराण्याचं स्वेटर घ्या. साफ थाप आहे ती. तसलं स्वेटर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं, आणि बुडालेल्याची कथा एका जुन्या नाटकातून आली, त्यातही स्वेटर नव्हतंच, मोज्यांच्या टाक्यांवरून ओळख पटते. कॉर्न्ड बीफ आणि कोबी हे ‘आयरिश जेवण’ही न्यूयॉर्कचं, तिथे ज्यू खाटकांकडे ते स्वस्त मिळायचं म्हणून, आयर्लंडमध्ये बेकन-कोबी. न्यूयॉर्कजवळच्या एलिस आयलंडवर, जिथे बोटीने आलेल्यांची तपासणी व्हायची, कारकुनांनी आडनावं बदलली हेही खोटं, कारकून बोटीवरून आलेली यादी वाचून खुणा करायचे.

आणि त्याच एलिस आयलंडची अॅनी मूर. १ जानेवारी १८९२ ला तिथून आत गेलेली पहिली मुलगी, कॉर्कची, दोन लहान भावांना घेऊन आलेली. पुढे ती टेक्सासला गेली आणि तिथे १९२३ मध्ये अपघातात गेली असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं, टेक्सासच्या त्या घराण्याला कार्यक्रमांना बोलावणंही असायचं. २००६ मध्ये एका वंशावळ शोधणाऱ्या बाईंनी कागद तपासले तर टेक्सासची अॅनी मूर इलिनॉयमध्ये जन्मलेली निघाली! खरी अॅनी न्यूयॉर्कमध्येच गरिबीत राहिली, १९२४ मध्ये गेली आणि क्वीन्समध्ये तिच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. टेक्सासच्या त्या लोकांचं मला फार वाईट वाटतं. त्यांनी काही लबाडी केली नव्हती, घरात जे सांगितलं गेलं ते धरून चालले.

कागद सापडणं किती कठीण याचीही कल्पना हवी. १९२२ च्या जूनमध्ये यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात स्फोट होऊन आग लागली आणि सरकारी दप्तरखाना जळाला, १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या. १८६१ ते १८९१ च्या तर त्याआधीच सरकारने स्वतःच नष्ट केल्या होत्या, रद्दीत. आता १९०१ आणि १९११ च्या जनगणना ऑनलाइन फुकट आहेत, जमिनींच्या कराच्या याद्या आहेत, चर्चच्या बारशाच्या वह्या आहेत. बॉस्टनच्या ‘पायलट’ पेपरात १८३१ पासून १९२१ पर्यंत ‘हरवलेले मित्र’ असं सदर यायचं, अमक्या गावचा, अमक्या पॅरिशचा, अमक्या बोटीने आलेला माझा भाऊ कुणाला दिसला का, अशा हजारो जाहिराती. आज त्या नातवंडांना गाव सापडतं ते कधी कधी त्या जाहिरातीत. वर्तमानपत्रात नावगाव नीट छापलं तर शंभर वर्षांनी कुणाच्या तरी उपयोगी पडतं, म्हणून मी शॅमरॉकच्या तीन पानांसाठी भांडतेय.

माझी खरी तक्रार नकलीपणाबद्दल नाहीच. तक्रार आहे ती सोयीचं तेवढंच लक्षात ठेवण्याबद्दल. ‘आम्ही पण गुलाम होतो’ असं काही पाहुणे सांगायचे. कॅरिबियनमध्ये मोन्सेरात बेट आहे, तिथे आयरिश लोक सतराव्या शतकात करारावरचे मजूर म्हणून गेले हे खरं, हाल झाले हेही खरं, पण कराराची वर्षं संपायची आणि मग त्यातलेच काही आफ्रिकन गुलामांचे मालक झाले. १७६८ मध्ये १७ मार्चला, मालक लोक सणात दारू पिऊन पडलेले असतील म्हणून गुलामांनी उठाव ठरवला, कट फुटला, फाशी झाल्या. आज त्या बेटावर सेंट पॅट्रिक डेची सुट्टी असते ती या उठावाच्या आठवणीत, पासपोर्टवर शिक्का शॅमरॉकचा, आणि रायली, स्वीनी आडनावांची माणसं काळी. हेही डायस्पोराच (देशाबाहेर पसरलेले लोक) ना? १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या दंगलीत आयरिश मजुरांच्या जमावाने काळ्या लोकांना मारलं, त्यांच्या पोरांचा अनाथाश्रम जाळला. परेडमध्ये याचा रथ नसतो.

तेच परीकथांचं. टिपरेरीमध्ये १८९५ साली ब्रिजेट क्लिअरी नावाच्या तरुण बाईला नवऱ्याने जाळलं, म्हणे ही माझी बायको नाही, ‘त्या लोकांनी’ तिला पळवून बदली बाई ठेवलीये. शिक्षा भोगून तो १९१० मध्ये सुटला आणि कॅनडाला, मॉन्ट्रियलला गेला. त्यामुळे लेखात परीकथा म्हणजे नुसतं इंद्रधनुष्य आणि सोन्याचा हंडा असं आलं की मला कसंतरी होतं.

ब्रिटनमधल्यांची गोष्ट अजूनच वेगळी, ‘प्लास्टिक पॅडी’ हा शब्द सगळ्यात जास्त टोचला तो त्यांना. १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या पबमध्ये बॉम्बस्फोट होऊन २१ लोक गेले, संशय आयरिश अतिरेक्यांवर गेला, त्यानंतर तिथल्या आयरिश लोकांनी दुकानात तोंड उघडायचं बंद केलं, उच्चारावरून ओळखतील म्हणून, आणि तिथली परेड बंद पडली ती १९९६ मध्ये परत निघाली. त्या घरांतली पोरं शाळेत इंग्रज आणि सुट्टीत मेयोला आजीकडे गेली की तिथेही इंग्रज. जायचं कुठे मग?

सरकारने काय केलं तेही ऐका. १९९० मध्ये मेरी रॉबिन्सन राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि त्यांनी देश सोडून गेलेल्या सगळ्यांसाठी आपल्या निवासाच्या खिडकीत कायमचा दिवा ठेवला. ते लोकांना भिडलं. मग २०११ मध्ये ‘आयरिश वारशाचं प्रमाणपत्र’ काढलं, ४० युरो, फ्रेमसकट अजून महाग, आणि २०१५ मध्ये बंद केलं, कारण ३ हजारसुद्धा खपली नाहीत. नागरिकत्व मिळतं ते आजी-आजोबांपैकी कुणी त्या बेटावर जन्मलं असेल तर, पणजोबा साधारण चालत नाहीत, आणि ब्रेक्झिटनंतर कितीतरी इंग्रजांना अचानक आयरिश आजी आठवली. पण पणजोबा चालत नाहीत म्हणावं तर मनीगॉल गावात ओबामांच्या खापर-खापर पणजोबांच्या नावावर २०११ मध्ये त्यांचं एवढं स्वागत झालं की तिथे मोटरवेवरच्या पेट्रोलपंपालाच बराक ओबामा प्लाझा नाव दिलंय. आम्ही तिथे सामोसा नाही मिळत म्हणून चिप्स खायचो.

राहता राहिला लेप्रेकॉन. तो देवता नाही हो, मोची आहे. एकटा राहतो, एकाच पायाचा जोडा शिवत बसलेला असतो, जुन्या गोष्टींत त्याचा कोट बऱ्याचदा लाल. सोनं असतं पण तो देत नाही, फसवतो. एकाने त्याला पकडून सोनं कुठल्या झुडपाखाली पुरलंय ते वदवून घेतलं, खूण म्हणून त्या रानझुडपाला आपला लाल पट्टा बांधला, फावडं आणायला घरी गेला, परत येऊन बघतो तर शेतातल्या प्रत्येक झुडपाला लाल पट्टा. अशा माणसाची पूजा कोण करेल?

आणि ‘हे सगळं आता पोस्टकार्डापुरतं उरलंय’ असं जे लेखात म्हटलंय त्याबद्दल सांगते. आमच्या हॉटेलपासून एनिसकडे जाताना लटून नावाच्या जागी मोटरवेच्या कडेला एक काटेरी झुडूप आहे, हॉथॉर्नचं. १९९९ मध्ये रस्ता त्याच्यावरून जाणार होता. एडी लेनिहन म्हणून क्लेअरमधले गोष्टी सांगणारे आणि गोळा करणारे गृहस्थ आहेत, त्यांनी पेपरात लिहून, मुलाखती देऊन आवाज उठवला की मन्स्टर प्रांताचे ‘ते लोक’ कॉनॉट प्रांताच्या ‘त्या लोकांशी’ लढायला जाताना इथे जमतात, झुडूप तोडाल तर या रस्त्यावर अपघात होतील. बातमी अमेरिकेपर्यंत गेली. शेवटी रस्त्याच्या आखणीत झुडूप वाचवलं. २००२ मध्ये कुणीतरी रात्री करवत घेऊन त्याच्या फांद्या छाटल्या, तरी ते परत फुटलं.

सकाळच्या विमानाने आलेले पाहुणे मला विचारायचे, तिथे उतरता येईल का. मोटरवेवर उतरता येत नाही, मी सांगायचे, टॅक्सीवाल्याला म्हणा जरा हळू घे. बरेचसे टॅक्सीवाले न सांगताच हळू करायचे. विश्वास आहे का विचारलं तर म्हणायचे, छे, असलं काही नसतं. पण हळू करायचे.

कळावे,
आपली नियमित वाचक

ता.क. : शॅमरॉकला तीन पानं. पॅट्रिकने त्या तीन पानांवरून ख्रिश्चनांची पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही कल्पना समजावली अशी कथा आहे, चार पानांवर ती बसतच नाही. पुढच्या १७ मार्चला चित्र तेवढं बदला.